इमारत बघून या, पण पहिल्या वर्षाला शिकवतं कोण ते विचारल्याशिवाय परतू नका

मी कर्नाटकातल्या बेळगावकडच्या सीमाभागातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात समुपदेशक आहे. आमच्याकडून एसएसएलसी, म्हणजे दहावी, करून गेलेली मुलं पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला की आईवडिलांना घेऊन परत माझ्याकडेच येतात. "मॅडम, डिग्रीला कुठं घालायचं?" लिंगराज, आरपीडी, जीएसएस ही बेळगावातल्या नामांकित कॉलेजांची नावं सगळ्यांना पाठ असतात. तिथं नंबर लागला नाही की घरात सुतकी वातावरण. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची किंवा बेळगावच्या कडेची लहान खासगी कॉलेजं म्हणजे नाइलाज, असं न बघताच ठरलेलं असतं. म्हणून यंदा त्यातली बरीच कॉलेजं स्वतः जाऊन बघितली.

माझं मत स्पष्ट सांगते. मराठी माध्यमातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच डिग्रीला जाणाऱ्या मुलासाठी चांगलं लहान कॉलेज हा नाइलाज नाही. पण त्यातलं "चांगलं" कुठलं हे फलकावरून कळत नाही.

एका कॉलेजात बीकॉमच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात मागच्या बाकावर बसले होते. पंचवीसेक मुलं. विषय अकाउंट्सचा, घसाऱ्याचा. सरांनी फळ्यावर सगळं इंग्रजीत मांडलं, कारण पेपर इंग्रजीत. मग वडगावच्या एका मुलीला उभं केलं. "तुमच्या घरचा माग घेतला तेव्हा केवढ्याला पडला? आज विकायला काढला तर काय येईल?" तिनं आकडे सांगितले, सरांनी तेच फळ्यावर घेतले. पुढचं अर्धं मराठीत, मधेच दोन पोरांसाठी कन्नडमध्ये, आणि शेवटी तेच उदाहरण सगळ्यांकडून इंग्रजीत लिहून घेतलं. तास संपल्यावर सरांनी गैरहजर असलेल्या एका मुलाच्या घरी फोन लावला. हे सर त्या कॉलेजात कित्येक वर्षं आहेत. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या थोरल्या भावंडांना त्यांनीच शिकवलंय.

आपली मुलं गळतात ती पहिल्या वर्षात. दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेलं पोर पीयूसीत इंग्रजीशी झटापट करत कसंबसं पास होतं आणि डिग्रीच्या पहिल्या सेमिस्टरला मागच्या बाकावर जाऊन गप्प बसतं. त्या गप्प बसण्याकडे कुणाचं तरी लक्ष जायला हवं. शंभराच्या वर्गात ते जात नाही. यात मुलाच्या हुशारीचा काही संबंध नाही, हे आईवडिलांना पटवताना माझा जीव मेटाकुटीला येतो.

आता दुसरी बाजू. एका कॉलेजची इमारत नवी, कॉम्प्युटर लॅबला एसी, माहितीपुस्तकात भाषा विषयांमध्ये मराठी छापलेलं. स्टाफरूममध्ये विचारलं तर मराठीला लेक्चररच नाही. "मुलं आली तर बघू." कॉमर्सचे तिन्ही लेक्चरर त्याच वर्षी लागलेले, तासावर. त्या तरुण मुलांना मी दोष देणार नाही, तुटपुंज्या मानधनावर कोण टिकेल? पण दर सेमिस्टरला माणूस बदलत असेल तर मुलांना ओळखणार कोण? अनुदानित कॉलेजंसुद्धा यातून सुटलेली नाहीत, निवृत्त झालेल्यांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात.

त्यात अभ्यासक्रमाची ओढाताण. 2021 ला नवीन शैक्षणिक धोरणाची चार वर्षांची डिग्री आली, 2024 ला कर्नाटक सरकारनं पुन्हा तीन वर्षांची केली. लहान कॉलेजच्या ग्रंथालयाला एवढ्या लवकर पुस्तकं बदलणं परवडत नाही, सगळं झेरॉक्स नोट्सवर चालतं. नोट्स कोण काढतं, हेही विचारा. नॅकचा, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासून ग्रेड देणाऱ्या संस्थेचा, फलक असेल तर ग्रेडच्या शेजारचं वर्ष वाचा, ते मानांकन कायमचं नसतं. बीसीए, बीबीए घेणार असाल तर 2024-25 पासून एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, मान्यता लागते, तिचं पत्र दाखवा म्हणा. चांगली कॉलेजं लगेच दाखवतात.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट बदललीय. जून 2023 ला शक्ती योजना आल्यापासून राज्यातल्या साध्या सरकारी बसला त्यांना तिकीट नाही. जांबोटी-कणकुंबीकडच्या आया आता भाडं विचारत नाहीत, शेवटची बस किती वाजता ते विचारतात. एका कॉलेजनं प्रॅक्टिकल सकाळी घेतली आहेत, केवळ त्या बससाठी. मला ते एसी लॅबपेक्षा मोठं वाटलं.

ज्यांना महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला वगैरे जायचंय, त्यांच्यासाठी तिथल्या सीईटी सेलच्या (प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सरकारी कक्षाच्या) प्रवेशात, महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या 865 सीमागावांतल्या मराठी मुलांचा स्वतंत्र प्रवर्ग आहे. मातृभाषेचा आणि गावाचा दाखला आधीच काढून ठेवा, ऐनवेळी धावपळ होते.

कॉलेज बघायला रविवारी जाऊ नका. कामाच्या दिवशी, अकराच्या सुमारास, मुलाला घेऊनच जा आणि पहिल्या वर्षाच्या वर्गाबाहेर पाच मिनिटं थांबा. तुमची मुलं जिथं शिकतायत तिथं मराठी भाषा विषय प्रत्यक्षात शिकवला जात असेल, तर कॉलेजचं नाव मला कळवा. जून उजाडायच्या आत आमच्या शाळेच्या फळ्यावर ती यादी लावायची आहे.