"तुम्हाला रेशीम दिसतं, आतली बाई दिसत नाही" या प्रतिक्रियेला उत्तर

वाचक महोदय (नाव लिहिलं नाहीत, त्यामुळे हेच म्हणतो),

लाकडी ठशांची चित्रं करणाऱ्या जपानी चित्रकार उतामारोवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली, दोनदा वाचली. एक चूक आधीच मान्य. योशिवारा, म्हणजे एदोतली (आजच्या टोकियोतली) गणिकांची परवानाधारक वस्ती, असाकुसा भागाच्या मागे हललं ते 1657 च्या आगीनंतर, मी 1617 लिहिलं होतं, ते परवान्याचं साल. दुरुस्त केलंय, आभार.

पण शीर्षकात घेतलंय ते तुमचं वाक्य, ही कुठली बोलायची पद्धत झाली? मुद्दा असेल तर मांडा ना, टोमणा कशाला? माझ्या वडिलांचा छापखाना होता, लहानपणी शाईच्या वासात झोपलोय मी, लाकडात केसाएवढी रेघ कोरायला काय लागतं ते मला पुस्तकातून कळलेलं नाही. 2013 ला लंडनला प्रोजेक्टवर होतो तेव्हा ब्रिटिश म्युझियममध्ये शुंगाचं, म्हणजे जपानी शृंगारचित्रांचं, प्रदर्शन लागलेलं, तिथे उतामारोच्या 1788 च्या 'उतामाकुरा' या चित्रसंग्रहातल्या त्या माडीवरच्या जोडप्यासमोर मी इतका वेळ उभा होतो की मागच्या बाईंनी घसा खाकरला. त्यात ती पाठमोरी आहे, दिसते ती मान, आणि त्याचा फक्त एक डोळा. रेशीम भरपूर आहे, हो, पण नजर जाते मानेवरच. निदान माझी तरी जाते.

आणि बाई दिसत नाही म्हणता, तर उतामारोचीच गणिकांच्या बारा प्रहरांची मालिका बघा, 1794 च्या आसपासची. रात्री दोनच्या सुमाराचं चित्र, पेंगुळलेली बाई, हातात जळता काकडा, पायाने चप्पल चाचपतेय. ना गिऱ्हाईक, ना थाटमाट. ही आतली बाई नाही तर कोण आहे?

पोरी लहानपणीच विकल्या जायच्या, कामुरो म्हणून मोठ्या गणिकेच्या हाताखाली राबायच्या, कर्ज फिटता फिटायचं नाही, बाहेर पडायला एकच मोठा दरवाजा आणि भोवती खंदक, आणि मेल्यावर विचारणारं कोणी नसलं की मिनोवाच्या जोकानजी देवळात नेऊन टाकायचे, हे सगळं मला माहीत नाही असं तुम्ही कशावरून धरून चाललात? लेखात नव्हतं कारण लेख चित्रावर होता. प्रत्येक लेखाआधी सुतक पाळायचं का?

बाकी ही चित्रं म्हणजे कोठ्यांची जाहिरातच होती, प्रकाशक त्सुताया त्यावर पैसे कमवायचा वगैरे तुमचं म्हणणं... असेल, धंदा कोण करत नाही. शुंगात नवरा-बायकोही असतात आणि मी सगळ्यांना गणिका करून टाकलं, हा तर कीसच काढलात. एक-दोन ठिकाणी झालं असेल तसं.

"पुण्यात बसून जपान" याला उत्तर देत नाही. तुम्ही कुठे बसून लिहिलंत तेही सांगितलेलं नाहीत.

पुढचा लेख चित्रकार हिरोशिगेच्या पावसावर आहे. त्यात रेशीम नाही, छत्र्या आहेत, तेव्हा बिनधास्त या.