जिप्सीची उंची आणि खिशाची खोली

आषाढात गोव्यातल्या कुळागराची, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेची, वाट चिखलात गेली की जुन्या मारुती जिप्सीच्या मालकाला एक ठरावीक रोग जडतो. तो दुसऱ्यांच्या गाड्यांखाली वाकून बघू लागतो. तिन्हीसांजेला टेप घेऊन स्वतःच्या मडगार्डपाशी उकिडवा बसतो. घरच्यांना वाटतं याचं काहीतरी हरवलंय. प्रत्यक्षात त्याला गाडी दोन इंच उंच करायची असते, आणि तीही खिशाला फार झळ न लागता.

सल्ला देणाऱ्यांचा तोटा नसतो. नाक्यावरचा एक सांगतो, "लांब शॅकल घाल, विषय संपला." (शॅकल म्हणजे पाट्याचं टोक चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडणारी कडी.) दुसरा सांगतो, "पाटे ॲक्सलच्या वर चढव." (पाटे म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, ॲक्सल म्हणजे दोन चाकांमधला आडवा दांडा.) तिसऱ्याकडे गाडीच नाही, पण तो बोलू लागला की बाकीचे दोघे गप्प बसून ऐकतात. मेकॅनिकला काहीही विचारा, "जाता पात्रांव" (होईल मालक) हेच उत्तर मिळतं, आणि बिल हातात पडेपर्यंत ते बदलत नाही.

या मंडळींना नमस्कार करून आधी थोडं गणित करावं असं माझं मत आहे. वाटेच्या मधल्या उंचवट्यावर जिप्सी अडकते ती डिफरन्शियलवर, म्हणजे इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या गोळ्यावर. ते ॲक्सलमध्ये असतं, आणि ॲक्सल चाकांच्या आधाराने उभा असतो, स्प्रिंगच्या नाही. त्यामुळे लिफ्ट दोन इंचाची करा की सहा इंचाची, डिफरन्शियल आपल्या जागेवरून केसभरही हलत नाही. वर जातो तो चासी, बंपर आणि मागच्या सीटवर चढणाऱ्या आत्याचा रक्तदाब. बॉडी लिफ्ट म्हणजे चासी आणि बॉडीच्या मध्ये ठोकळे. त्यात तर चासीही जागची हलत नाही, नुसता पत्रा वर जातो. फोटो मात्र छान येतो.

डिफरन्शियल उचलतो तो टायर, आणि तोही व्यासाच्या निम्म्याने. जिप्सी किंगचा मूळ टायर 205/70 आर 15 (रुंदी मिलिमीटरमध्ये, कडेची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत), व्यास 668 मिलिमीटर. त्या जागी 215/75 आर 15 घातला की व्यास होतो साधारण 703, म्हणजे खालची जागा 18 मिलिमीटरने वाढली. 235/75 आर 15 घातला तर व्यास 733, वाढ 33 मिलिमीटर. सव्वा इंचाला थोडं जास्त. एवढ्याशा गोष्टीसाठी माणसं घरात बोलणी खातात.

गरिबाचा टायर माझ्या मते 215/75. कारण साधं आहे: तो बोलेरोचा माप आहे. बोलेरो गावोगावी आहेत, त्यामुळे हा टायर म्हापशालाही मिळतो, फोंड्यालाही मिळतो, आणि काणकोणला फुटला तर तिथेही मिळतो. मूळच्या साडेपाच इंची रिमवर बसतो आणि बहुधा लिफ्ट न करताच बसतो. फक्त स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून टायर पाट्याला घासत नाही ना, हे बघायचं. 235 ला रिम किमान सहा इंची हवी, शिवाय खड्ड्यात चाक वर आलं की मडगार्डला लागतं. लिफ्टची खरी गरज इथे सुरू होते. शिवाय 1.3 लिटरच्या इंजिनाला तो टायर फिरवायचा असतो. चोर्ला घाटात जिथे तिसरा गिअर पुरत होता तिथे दुसरा लागतो, आणि पाचवा गिअर फक्त नॉबवरच्या नकाशात उरतो. मीटरही खोटं बोलू लागतं: काटा 60 वर असताना 215 वर खरा वेग 63 असतो, 235 वर 66. पोलिसाला हे गणित समजावत बसू नये.

आता पाटे. लिफ्टचा खर्च काढण्याआधी गाडी सपाट काँक्रीटवर उभी करून चारही चाकांच्या मधोमधपासून मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजा. जुन्या जिप्सीत ड्रायव्हरची बाजू हमखास बसलेली सापडते. म्हणजे ज्याला आपण लिफ्ट म्हणतोय त्यातला अर्धा भाग गाडी कारखान्यातून आली तेव्हा होताच, तो फक्त परत मिळवायचाय. पाट्याच्या डोळ्याजवळ (टोकाच्या वेटोळ्याजवळ) चीर आहे का, पट्ट्या मधोमध धरणारा सेंटर बोल्ट तुटलाय का, डोळ्यात बसणाऱ्या बुशचं रबर कात टाकल्यासारखं बाहेर आलंय का, हे बघा. पाट्यांच्या मध्ये तांबडी माती सिमेंटसारखी बसलेली असते. ती काढून पाटे वेगळे केले, घासले आणि नवे बुश टाकले तरी गाडी बदलल्यासारखी वाटते. याला कुणी लिफ्ट म्हणत नाही, त्यामुळे नाक्यावर सांगण्यासारखं काही उरत नाही.

पाटेवाल्याकडून कमान मारून घेणं सगळ्यात स्वस्त. तो घणाने एकेक पाटा ठोकून वाकवतो आणि गाडी इंच-दीड इंच उठते. अडचण अशी की थंड ठोकलेला पाटा हळूहळू पुन्हा बसतो, आणि भट्टीत लाल करून वाकवलेल्याला नीट पाणी दिलं नाही तर एक तर तो मऊ पडतो, नाही तर तडकतो. दुसरा मार्ग म्हणजे एक जास्तीचा पाटा. उंची टिकते, पण जिप्सी मुळातच कडक. एक पाटा वाढवला की रिकाम्या गाडीत प्रत्येक गतिरोधक मणक्यांची हजेरी घेतो. मागे रोज नारळाची पोती जात असतील तर मागच्या दोन्ही बाजूंना जास्तीचा पाटा जरूर घाला. पोती चढवणारा गडी मात्र वाढलेल्या दोन इंचांचा हिशेब मजुरीत मागतो, आणि त्याचं बरोबर असतं.

लांब शॅकलवर लोकांचा सगळ्यात जास्त लोभ असतो, कारण ते दिसतं. ते पाट्याच्या एकाच टोकाला असतं, म्हणून दोन इंच लांब शॅकल घातलं तर गाडी एकच इंच उठते. जिप्सीचं पुढचं शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे. ते लांब केलं की पाटा पुढे झुकतो, ॲक्सल पुढे कलंडतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक वळतं त्या आसाचा मागे कललेला कोन, कमी होतो. मग सरळ रस्त्यावर गाडी गणपतीच्या मिरवणुकीत असल्यासारखी या कडेने त्या कडेला डुलत जाते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही. अलाइनमेंटवाल्याकडे नेलंत तर तो टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती आहेत ते, बघून देईल. पण अख्ख्या ॲक्सलच्या गाडीत कॅस्टरचा स्क्रूच नसतो, तेव्हा तोही बिचारा हात वर करतो. इलाज म्हणजे पाटा आणि ॲक्सलच्या बैठकीमध्ये दोन ते चार अंशाची पाचर, जाड बाजू पुढे. पाचर घातली की सेंटर बोल्ट तेवढा लांब घ्यावा लागतो, नाही तर त्याचं डोकं बैठकीच्या भोकात बसत नाही आणि ॲक्सल सरकतो. हे न करता शॅकल बदलणारा गाडी उंच करत नाही, तो फक्त तिला दारू पाजतो. माझी मर्यादा एक इंच. पुढच्या ॲक्सलवर लोखंडी ठोकळे ठेवून उंची काढायची आयडिया कुणी सांगितली तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

पाटे ॲक्सलवर चढवणं हा श्रीमंतांचा नाद. गाडी चार-पाच इंच उठते खरी, पण मग ड्रॅग लिंक (स्टिअरिंगचा दांडा) तिरकी होते, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस कोनात येऊन कुरकुरतो, ब्रेकचे होज आखूड पडतात, शॉकॲब (धक्के शोषणारे) नवे लागतात. एकेक करत इतकं लागतं की शेवटी जुनी गाडी फक्त काचेवरच्या स्टिकरमध्ये उरते.

इंचभर लिफ्टलाही एक परीक्षा द्यायचीच. चासीला जॅक लावून चाकं पूर्ण लोंबू द्या. शॉकॲब शेवटपर्यंत ताणलेला दिसला तर तो आखूड आहे. पहिल्याच चरात तो आपल्या कडीसकट उपटून येईल. त्याच अवस्थेत स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून ब्रेकचा होज बघा. तो सतारीच्या तारेसारखा वाजत असेल तर काम अर्धवट आहे.

या सगळ्यात गोव्याची हवा स्वतःचा वाटा मागते. खारं वारं आणि तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस मिळून शॅकलची पिन बुशच्या नळीत अशी जाम करतात की पान्याने बोल्ट फिरतो तो बुशला घेऊनच. काम सुरू करायच्या दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ गंजावरचा स्प्रे मारत राहा. तरी एखादा बोल्ट गॅसने कापावा लागतोच. जळक्या रबराचा वास मग आठवडाभर गॅरेजात राहतो. कापताना पेट्रोलची टाकी कुठे आहे हे मेकॅनिकला माहीत असतं, तरी आपण एकदा सांगावं. नवी पिन ग्रीस लावून घाला. बुशचे नट मात्र गाडी हवेत असताना आवळू नका. गाडी चाकांवर उतरवून, तिचं वजन पाट्यावर पडल्यावरच आवळा. हवेत आवळलेलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि एका पावसात फाटतं. गॅरेजात ही एकच गोष्ट घाईने होते, कारण तेवढ्यात जेवणाची वेळ झालेली असते.

टायरची नक्षी हा भांडणाचा विषय. मड टेरेन दिसायला रुबाबदार, खाचा खोल, चिखल झटकून टाकतो. पण डांबरावर त्याचा आवाज पणजी ते मडगाव रेडिओ लावू देत नाही, आणि ओल्या गुळगुळीत रस्त्यावर त्याचे मोठे ठोकळे घट्ट धरत नाहीत. जिप्सीला एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) नाही, हे ब्रेक मारल्यावर आठवून उपयोग नाही. ज्याची वाट जून ते सप्टेंबर चिखलाचीच आहे त्याने तो घ्यावा. बाकीच्यांनी ऑल टेरेन घ्यावा, आणि अरुंद घ्यावा. आपल्याकडे वरचा चिखल पातळ आणि खाली जांभा कडक. अरुंद टायर चिखल कापून खाली पोचतो, रुंद वरच घसरत बसतो. मऊ वाळूत रुंद चालतो खरा, पण किनाऱ्यावर गाडी घालायला गोव्यात बंदी आहे. दर मोसमात कुणाची तरी भाड्याची गाडी मोरजीच्या वाळूत पोटापर्यंत बसलेली दिसते, तेवढं प्रात्यक्षिक पुरे.

स्वस्तात जुने टायर मिळाले तर कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी कोरी पण कडेला भेगा असतील तर तो टायर चालण्यापेक्षा उन्हात जास्त राहिलाय. रिसोल, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेला टायर, पुढच्या चाकांना नको. आणि पाचही टायर एकाच मापाचे हवेत. जिप्सीच्या फोर बाय फोरमध्ये पुढची-मागची चाकं एकमेकांना बांधली जातात. पुढे कोरे आणि मागे झिजलेले असतील तर कोरड्या रस्त्यावर सगळा ताण ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीत, साठतो. चिखलात चाक घसरून तो सुटतो, काँक्रीटवर सुटायला वाटच नसते. हवा डांबरावर 26 पीएसआयच्या आसपास, चिखलात 18. पंधराच्या खाली उतरलात तर टायर रिम सोडू शकतो, आणि ट्यूब असेल तर टायर रिमवर फिरून नोजलच उपटू शकतो.

कागदांचा विषय थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, विमा कंपनीही अपघातानंतरच गाडीखाली वाकते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग आहेच. तेव्हा जुने शॅकल भंगारात घालू नका. मडगार्डच्या बाहेर आलेला टायर तर तपासनीस गेटातूनच ओळखतो.

काम झालं की हेडलाइट खाली करून घ्या, नाही तर जुवारी पुलावर समोरचे सगळे आपल्या पूर्वजांची आठवण काढतात. पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच वापरा. एकदा ताणलेला जुना बोल्ट पुन्हा तसा धरत नाही. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर आणि मग पाचशेनंतर ते पुन्हा आवळायचे असतात. मेकॅनिकला फोन केलात तर तो "फाल्यां" (उद्या) म्हणेल. तेव्हा पाना, नळीचा एक तुकडा आणि जुनी गोणी गाडीतच ठेवा, आणि गोणी अंथरून स्वतःच खाली शिरा. दोन इंच उंच झालेल्या गाडीखाली आता जागा बरी आहे.