दोन वाजता या

पुण्याहून येताना नवा फोन आणला, एवढाच माझा गुन्हा. यंदाच्या, म्हणजे 2017च्या सप्टेंबरपासून इथे नियम निघालाय: बाहेरून आणलेला हँडसेट आधी नोंदवायचा, तोवर त्यात सिम चालणार नाही. इथे म्हणजे इथिओपियात; मी बाहिर दारला विद्यापीठात शिकवतो. सिम देणारी कंपनी अख्ख्या देशात एकच, तीही सरकारी. तेव्हा रुसून नंबर पोर्ट करायची सोय नाही. काउंटरवरच्या बाईंनी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, "उद्या दोन वाजता या."

गेलो. टळटळीत दुपारी दोनला.

गेटवरचा झबेन्या, म्हणजे वॉचमन, स्टुलावर बसून कोलो खात होता. कोलो म्हणजे भाजलेलं जव; फुटाण्यांसारखं मुठीतून तोंडात टाकायचं. त्याने माझी पिशवी तपासली, डबा उघडून भेंडीचा वास घेतला आणि झाकण घाईने लावलं.

"मेम्हीर," (म्हणजे मास्तर) "उशीर केलात. नोंदणीचे साहेब गेले."

"दोनला बोलावलं होतं. दोनच वाजलेत."

"आठ वाजलेत." त्याने मनगट पुढे केलं. घड्याळात खरंच आठ.

इथे सूर्य उगवला की मोजणी सुरू. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आठ म्हणजे दोन. दोन वर्षं राहून हे मला ठाऊक नाही असं नाही. पण बाई इंग्रजीत बोलल्या, म्हणून मी वेळही इंग्रजीच धरली.

"सूर्य उगवतो तेव्हा तुमच्यात किती वाजतात?" त्याने विचारलं.

"सहा."

"मग त्याआधीचे सहा तास कोण मोजत बसलं होतं?"

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आमचे आजोबा पंचांग उघडून घटका मोजायचे त्या सूर्योदयापासूनच. आज असते तर दुसरं स्टूल ओढून, कोलो खात, त्याचीच बाजू घेतली असती.

"आलात ना? मग सही करा," म्हणत त्याने वही सरकवली. मी तारखेत 2017 लिहिलं. त्याने ते खोडून 2010 केलं, कारण इथे गेल्याच महिन्यात 2010 लागलंय. म्हणजे त्याच्या हिशेबाने माझा फोन अजून जन्मालाच यायचाय. नोंदणीची घाई कसली? मूठभर कोलो माझ्या हातावर ठेवत तो म्हणाला, "चिग्गिर येल्लेम." काही अडचण नाही. ज्याची अडचण नसते तोच हे इतक्या प्रेमाने म्हणतो.

माझी आहे हो! गेल्या वर्षी बारावीचा पेपर फुटला, म्हणून यंदा परीक्षेच्या दिवसांत सगळ्या देशाचं इंटरनेट बंद केलं. आपलं बोर्ड निदान भरारी पथकं नेमतं. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर मी दिसेना, तर साताऱ्यात आईने देव पाण्यात ठेवले होते. आता पुन्हा चार दिवस फोन नाही. तिला काय सांगू, आठ वाजले होते म्हणून?

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हजर झालो. "दोन वाजले!" झबेन्याने हसत गेट उघडलं. आत बाईंनी फोन घेतला, उलटासुलटा केला, संगणकाकडे पाहिलं.

"नेटवर्क येल्लेम."

बाहेर पडताना झबेन्याने फोनकडे बोट दाखवून भुवया उडवल्या. मी म्हटलं, "येल्लेम." आणि मुकाट्याने कोलोसाठी हात पुढे केला.