बोलण्याची वाट बघू नका, तक्ता आजच करा

न बोलणाऱ्या मुलाच्या आईला सल्ल्यांची कधी कमतरता पडत नाही. मुलगे उशिराच बोलतात. याचा बाबा तरी कुठे लवकर बोलला होता? वेखंड चाटवा. कुलदैवताला जाऊन या. हे सगळं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडता येतं. पण एक सल्ला शिकलीसवरलेली माणसंही छातीठोकपणे देतात: "चित्रं दाखवून मागायची सवय लावू नका हं, आळशी होईल, मग तोंडाने कधीच बोलणार नाही." या एका भीतीपायी मुलांची वर्षंच्या वर्षं वाया जातात, म्हणून लिहितेय.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे. समजतं पुष्कळ, तोंडातून शब्द मोजके येतात. गळ्यात अडकवलेल्या चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवून तो आमच्याशी बोलतो.

आळशी होण्याबद्दल सांगायचं तर २००६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. ज्या २७ जणांबद्दलचा पुरावा भक्कम होता, त्यांच्यापैकी एकाचंही तोंडी बोलणं खुणांमुळे किंवा चित्रांमुळे कमी झालं नव्हतं. ८९ टक्के जणांचं वाढलं होतं. फार नाही, थोडंच वाढलं होतं, हेही खरं. तक्ता दिला की मूल घडाघडा बोलायला लागेल असं मी कुणालाही सांगणार नाही. पण तक्त्याने बोलणं मरतं, ही भीती मनातून काढून टाका.

आधी कान मात्र तपासून घ्या. हाक मारल्यावर बघत नाही म्हणजे ऑटिझमच, असं परस्पर ठरवू नका. बेरा टेस्ट, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी, करून घ्या. वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठी अली यावर जंग संस्था आहे, नवी मुंबईकरांना वाशीत महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे.

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येते. बहुतेक तक्ते हॉटेलच्या मेनूकार्डासारखे असतात. पाणी, बिस्कीट, पोळी, शू, टीव्ही. मुलाने फक्त मागायचं. "नको" कुठे आहे? "थांब", "दुखतंय", "मला भीती वाटते", "अजून", "हे काय आहे?" हे कुठे आहे? ज्याला नको म्हणता येत नाही ते मूल चावतं, डोकं आपटतं, रस्त्यात फतकल मारून बसतं. आणि आपण त्याला हट्टी म्हणून मोकळे होतो.

आमच्याकडे केस कापणं म्हणजे युद्ध असायचं. मशीनचा आवाज त्याला सहनच होत नाही. वागळे इस्टेटमध्ये आमच्या गल्लीत एक सलून आहे, तिथल्या दादांना मी तक्ता दाखवला आणि सांगितलं, त्याने लाल हातावर, म्हणजे "थांब"च्या चित्रावर, बोट ठेवलं की मशीन बंद करायचं, मग केस अर्धे राहिले तरी चालतील. खुर्चीवर फळी टाकून त्याला बसवलं. मशीन कानाजवळ आलं, याने बोट ठेवलं. मशीन बंद. परत सुरू, परत बोट, परत बंद. दुकानात दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती, पण दादा एकदाही वैतागले नाहीत. माझा लेक आरशातून त्यांच्या हाताकडे बघत होता. आपण थांब म्हटलं की हा माणूस खरंच थांबतो का, हे तो पुन्हा पुन्हा तपासून बघत होता. थांबतो याची खात्री पटल्यावर त्याने स्वतःच मान पुढे केली. मानेवरचे केस तेवढे कात्रीने कापले.

म्हणून म्हणते, "नको" नुसतं चिकटवून भागत नाही, ते ऐकावं लागतं. औषध, शाळा, रस्ता ओलांडताना हात धरणं, इथे नाही ऐकता येत, मान्य. तिथे "तुला नकोय, मला कळलं, पण घ्यावं लागेल" असं तक्त्यावर बोट ठेवत सांगायचं. बाकी दिवसभरात त्याचं नको मान्य करण्यासारख्या कितीतरी गोष्टी असतात.

आणि कृपा करून बिस्कीट हातात लपवून "दे म्हण, मगच देईन" हा प्रकार थांबवा. भुकेल्या मुलाची परीक्षा कसली घ्यायची! त्यापेक्षा आपणच बोलताना तक्त्यावर बोट ठेवायचं. आमच्या सासूबाई "अजून भात?" विचारताना दोन्ही चित्रांवर बोट ठेवतात आणि मग गप्प बसतात. मनात दहा आकडे मोजायचे. उत्तर यायला वेळ लागतो, आणि आपण मध्येच तोंड घातलं की मुलाची गाडी पुन्हा मागे जाते. सासूबाईंना जमायचं कारण तक्ता मराठीत आहे. घरात जी भाषा बोलली जाते तीच त्यावर हवी. मुलासाठी म्हणून सगळ्या घराने मोडकंतोडकं इंग्रजी बोलण्यात काही अर्थ नाही.

खर्च? झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशन, जांभळी नाक्यावरून वेल्क्रो. फोनवर हवं असेल तर आयआयटी मुंबईने केलेलं जेलो ॲप मराठीत आहे आणि फुकट आहे. चेन्नईत तयार झालेलं आवाज नावाचं ॲपही बरेच पालक वापरतात. तरी कागदी तक्ता ठेवाच. पावसात, गर्दीत, बॅटरी संपल्यावर तोच कामाला येतो.

शाळांना एक सांगायचंय. एका शाळेत आम्हाला "तक्ता दप्तरात ठेवा, इतर मुलांचं लक्ष जातं" असं ऐकवलं होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाची जी व्याख्या आहे, तिच्यात ब्रेल आणि सांकेतिक भाषेच्या बरोबरीने पूरक आणि पर्यायी साधनंही, म्हणजे असे तक्तेही, धरली आहेत. मुलाचा तक्ता दप्तरात ठेवणं म्हणजे त्याच्या तोंडावर हात ठेवणं आहे. असं कुणी सांगितलं तर पालकांनी लेखी मागावं.

आमच्या तक्त्याची फाइल हवी असेल तर इनबॉक्समध्ये सांगा, पाठवते. चित्रं मात्र तुमच्या घरातली घाला: तुमचाच स्टीलचा पेला, तुमचीच आजी. आणि लाल हात पहिल्या ओळीत ठेवा.