भाकरीच्या पिठातली शाळा

पाटी-पेन्सिलीआधी मुलांच्या हाती माती, रंग द्या, हे तुमच्या बालशिक्षणावरच्या लेखातलं म्हणणं अगदी पटलं. माझा नातू साडेतीन वर्षांचा. बालवाडीतून रोज दोन पानं लिहायला येतात. पेन्सिल मुठीत धरून तो इतकी दाबतो की कागद फाटतो, मग रडारड. बोटांत जोरच नाही, तर अक्षर कुठून वळणार?

मी वही गुंडाळून ठेवली. भाकऱ्या थापताना त्याला ज्वारीच्या पिठाचा एक गोळा देते. पहिल्या दिवशी परातीबाहेर नुसता चिखल! आता "आजी, माझी चिरली" म्हणतो आणि बोट ओलं करून कड चिमटीने सांधतो. हीच चिमटी उद्या पेन्सिल धरणार ना?

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावरचे सुताचे तुकडे सहज मिळतात. लाल वेगळे, हिरवे वेगळे, मग लांब-आखूड. शेजारची तेलुगू पोरं आली की मोजणी 'ओकटी, रेंडु, मूडु' अशी चालते. याला आता दोन्हीकडचे आकडे येतात. भिंतही रंगली आहे, पण सुनेला अजून सांगितलेलं नाही.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेही आसपासच्या साध्या वस्तू वापरूनच. म्हणून लेखाखालची महागड्या खेळण्यांची यादी मात्र खटकली. तेवढ्या पैशांत आमच्या गल्लीत विड्या वळणाऱ्या बाईचा आठवड्याचा किराणा येतो.