‘उपटलं म्हणून वाचलं’ हे खरं नाही

कॅक्टस आणि सक्युलंट (पाना-खोडात पाणी साठवणारी जाड, रसाळ झाडं) जमवणाऱ्यांमध्ये एक संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: “दुर्मिळ कॅक्टस संग्राहकांनीच वाचवले. रानात ती झाडं मरणारच आहेत. हजारांतून एक आणलं तर काही बिघडत नाही. कॅक्टस चिवट, कुठेही जगतो. आणि बियांपासून केलेल्या झाडाला तो जुना, विचित्र आकार कधीच येत नाही, खरा नमुना रानातलाच.”

वीस वर्षं हीच झाडं वाढवतोय, आणि या छंदात नुकतेच पडलेले लोक हा मजकूर खरा मानून चालताना बघतोय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“रानात ती मरणारच आहेत.” खाणी, रस्ते, चराई, दुष्काळ यांनी झाडं मरतात, हे मान्य. खाण सुरू होण्याआधी परवानगी काढून, नोंदी ठेवून झाडं हलवतात, तेही योग्यच आहे. पण चोरून झाडं काढणारा माणूस बुलडोझरच्या वाटेतलं झाड शोधत बसत नाही. तो सगळ्यात म्हातारं, सगळ्यात देखणं झाड उचलतो, म्हणजे ज्याच्या बियांवर ती टेकडी पुन्हा भरायची तेच. जगातल्या १,४७८ कॅक्टस प्रजातींचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३१ टक्के प्रजाती धोक्यात असल्याचं दिसलं, आणि धोक्यात असलेल्यांपैकी ४७ टक्के प्रजातींना बागा आणि खाजगी संग्रहांसाठी झाडं-बिया गोळा करण्याचा फटका बसत होता. या झाडांना आपण ज्यापासून वाचवतो म्हणतो, त्या धोक्यांत आपणही आहोत.

“हजारांतून एक.” हा हिशेब प्रत्येक घेणारा स्वतःपुरता करतो, तिथेच तो चुकतो. दक्षिण आफ्रिकेच्या रखरखीत पश्चिम भागातल्या कोनोफायटम या सक्युलंटच्या काही प्रजाती एखाद्या टेकडीच्या उतारावर, गारगोट्यांच्या एका पट्ट्यातच असतात. एवढंसं झाड, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. एक माणूस एका दुपारी पिशवी भरून नेऊ शकतो. २०१९ नंतर तिथे चोरीची लाटच आली आणि जप्त झालेल्या झाडांचा आकडा दहा लाखांपलीकडे गेला. शिवाय कोनोफायटम आणि दगडगोट्यासारखं दिसणारं लिथॉप्स यांच्यात बहुतेक झाडं स्वतःच्याच परागावर बी धरत नाहीत, दुसरं झाड जवळ लागतं. त्यामुळे उतारावर विखुरलेली पाच झाडं उरली तर ती पाच मोजायची नसतात. त्यांच्यात बी धरणंच थांबलेलं असू शकतं.

“कॅक्टस चिवट असतो.” हा समज मी स्वतः पैसे मोजून तपासला आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका विक्रेत्याकडून तळहाताएवढा एरिओकार्पस कॅक्टस घेतला. मधोमध लोकरीचा पांढरा झुपका, भोवती दगडी चांदणीसारखी टोकं. घरी आणून नीट पाहिलं तर टोकांच्या बेचक्यांत चुनखडीचे कण घट्ट बसलेले, एक बाजू उन्हाने करपून राखाडी झालेली, आणि सलगमासारखं जाड सोटमूळ तिरकं कापलेलं. ते कुंडीत वाढलेलं झाड नव्हतंच. दोन महिने सावलीत सुकवलं, जखम भरल्यावर खडीच्या मिश्रणात लावलं. पहिल्या वर्षी काहीच हललं नाही. दुसऱ्या वर्षी शरदात गुलाबी फूल आलं आणि मी निर्धास्त झालो. पुढच्या पावसाळ्याआधी बूड दाबून पाहिलं तर मऊ लागलं. आडवं कापलं तेव्हा मधला गाभा तपकिरी, ओला आणि आंबूस वासाचा होता. ते फूल साठवलेल्या पाण्यावर आणि अन्नावर आलं होतं, नवीन मूळ एकही धरलं नव्हतं.

असं झाड मरायला दोन-दोन वर्षं घेतं, आणि त्या दोन वर्षांना लोक चिवटपणा म्हणतात. विकणाऱ्याकडे तोवर कुणी परत जात नाही.

जिथून झाड निघतं तिथे ते परत लावणंही सोपं नसतं. २०२० साली इटलीत एका छाप्यात चिलीच्या अटाकामा वाळवंटातून चोरलेले हजारावर कॅक्टस सापडले, त्यात तिथल्याच कोपियापोआ जातीचे बरेच होते. त्यांतले ८४४ पुढच्या वर्षी चिलीला परत पाठवले. काही तोवर मेलेही होते. पण नेमकं कोणतं झाड कोणत्या उतारावरचं, हे चोराने लिहून ठेवलेलं नसतं. चुकीच्या जागी लावलं तर वेगळ्या वस्तीतले पराग मिसळतात, कुंडीतला रोग रानात जातो.

आता शेवटचा मुद्दा, आकाराचा. यावर थांबायला हवं, कारण यात अर्धं सत्य आहे आणि माणसं त्या अर्ध्या सत्यालाच भुलतात.

रानातला जुना कोपियापोआ सिनेरिया पाहिला की कुणाचाही जीव अडकेल. खडूसारखं पांढरं अंग, काळे काटे, आणि सगळे शेंडे उत्तरेकडे कललेले. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेला असतो, म्हणून ती मान तिकडे. तो पांढरेपणा मेणाच्या थराचा, आणि पाऊस जवळपास नसलेल्या त्या किनाऱ्यावर झाड समुद्रावरून येणाऱ्या धुक्याच्या भरवशावर कित्येक दशकं काढतं. हा आकार झाडाने एकट्याने केलेला नाही. ऊन, भूक, धुकं आणि काळ यांनी मिळून केलाय. कुंडीत आणून नेमाने पाणी दिलं की तेच झाड वरच्या बाजूने हिरवं आणि फुगीर वाढायला लागतं, खाली जुनं राखाडी अंग आणि वर नवी हिरवी टोपी. ज्या आकारासाठी ते उपटलं, तो वाढणं त्याच दिवशी थांबलेलं असतं.

उलट बियांपासून केलेलं झाड पहिल्यापासून कडक उन्हात, हवेशीर जागी, माती जेमतेम आणि खडी भरपूर अशा मिश्रणात, हात राखून पाणी देत वाढवलं तर बुटकं, घट्ट आणि काटेरी होतं. रानातल्याइतकं पांढरं होईलच असं मी म्हणणार नाही. पण त्याची मुळं अखंड असतात आणि पुढची तीस वर्षं त्याच्यासमोर असतात.

पंख्यासारख्या, मेंदूच्या घड्यांसारख्या क्रेस्टेड झाडांची तर गोष्टच वेगळी. शेंड्यावरचा वाढीचा बिंदू पसरून त्याची रेघ होते, म्हणून झाड उभं वाढायच्या ऐवजी आडवं फाकतं. जनुकातला बदल, इजा, अशी कारणं असतात. बियांतून हा गुण भरवशाने उतरत नाही, पण एक काप दुसऱ्या जोमदार कॅक्टसवर कलम केला की वाढतो, त्याचे पुन्हा काप होतात. बिनकाट्यांचा, वितळलेल्या मेणबत्तीसारखा टोटेम पोल कॅक्टस मूळ मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातला, पण आज ठिकठिकाणी दिसतो तो तुकडे रुजवूनच. टोपीसारखा लाल कॅक्टस तर जपानमध्ये १९४१ साली पेरलेल्या रोपांतून निघाला. त्यात हरितद्रव्य नसतं, कलमाशिवाय तो जगत नाही. विचित्र आकार हवा असेल तर रोपवाटिका हीच त्याची खाण आहे.

“खरा नमुना रानातलाच” या हट्टाला लिथॉप्सवाल्यांनी फार पूर्वी उत्तर दिलंय. लिथॉप्सचे अभ्यासक डेझमंड कोल आणि त्यांच्या पत्नी नॉरीन यांनी आफ्रिकेच्या रानातल्या लिथॉप्सच्या सुमारे ४०० वस्त्यांना क्रमांक दिले. त्या क्रमांकाच्या बिया पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या गेल्या. अमुक टेकडीचा वंश तुमच्या कुंडीत येतो आणि आज त्यासाठी टेकडीवरचं झाड हलवावं लागत नाही.

कायद्याचं थोडक्यात. रानटी प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रणासाठी १९७३ साली झालेल्या साइटिस करारात जवळजवळ सगळे कॅक्टस येतात. एरिओकार्पस, टर्बिनिकार्पस यांसारखे तर सर्वांत कडक यादीत आहेत. ‘ऑनलाइन उघड विकतात म्हणजे कायदेशीर असेल’ हे गृहीत धरू नका. झाड बियांचं की रानातलं, आणि मुळांचा फोटो, हे दोन प्रश्न विचारा. कापलेलं जाड मूळ आणि एका बाजूने करपलेलं अंग दिसलं तर घेऊ नका.

मला सगळ्यात जास्त बळ देतो तो युफोर्बिया ओबेसा हा सक्युलंट. दक्षिण आफ्रिकेतल्या केंड्र्यू परिसरातला, अगदी चेंडूसारखा, अंगावर जांभळट चौकटी. १९०३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि काही वर्षांतच रानात तो दुर्मिळ झाला, इतका उपटला गेला. आज तो सगळीकडे मिळतो, कारण रोपवाटिकांनी बियांपासून इतका केला की रानातून आणण्यात फायदाच उरला नाही.

यात नर-मादी झाडं वेगळी. माझ्याकडे दोन्ही आहेत. बारीक कुंचल्याने नराचे पिवळे पराग मादीच्या फुलावर लावतो, मग फळावर नायलॉनचा मोजा बांधतो, कारण पिकलेलं फळ टचकन फुटतं आणि बी खोलीच्या दुसऱ्या टोकाला सापडतं. यंदा अकरा बिया मिळाल्या, नऊ रुजल्या. सगळी वाटाण्याएवढी झाली आहेत. त्यांतली नर किती आणि मादी किती, हे पहिलं फूल आल्यावरच कळेल.