‘थर्मलचा धूर चार गावांपुरताच’ या दाव्याविषयी

विदर्भातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरत आहे. त्याचे म्हणणे असे, की थर्मलच्या, म्हणजे कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या, चिमणीतून आता काळा धूर निघत नाही, आपल्या कोळशात गंधक नाममात्र आहे, चिमणी 275 मीटर उंच असल्याने झळ बसलीच तर लगतच्या चार गावांना बसते आणि बाकी हवा बिघडते ती पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, जाळल्यामुळे.

काळा धूर दिसत नाही, हे खरे आहे. ईएसपी हे धुरातली राख विजेच्या भाराने पकडणारे यंत्र 99 टक्क्यांहून अधिक राख अडवते. परंतु सल्फर डायऑक्साइड हा रंगहीन वायू त्यातून सरळ पार होतो.

गंधकाचा हिशेब मात्र करून पाहावा. भारतीय कोळशात ते साधारण अर्धा टक्का, म्हणजे टनामागे पाच किलो असते आणि जळल्यावर त्याचा दुप्पट वजनाचा, दहा किलो वायू होतो. आपला कोळसा राखेचा व कमी उष्मांकाचा असल्याने 500 मेगावॉटचा संच पूर्ण भाराने चालताना दिवसाला सुमारे 8 हजार टन कोळसा खातो. थोडे गंधक राखेत राहते असे धरले, तरी गंधक काढणारी यंत्रणा नसलेल्या अशा एका संचातून रोज सत्तर-ऐंशी टन वायू बाहेर पडतो. चंद्रपूरच्या केंद्रात या क्षमतेचे पाच संच आहेत.

उंच चिमणीने पायथ्याचे गाव काहीसे वाचते, एवढेच. वर गेलेला वायू वाऱ्याबरोबर वाहताना शेणखत-युरियातून उडणाऱ्या अमोनियाशी मिळून सल्फेटचे सूक्ष्म कण बनतो आणि हे कण शेकडो किलोमीटर जातात. हिवाळ्यात रात्रभर वरच अडकलेला धुराचा पट्टा ऊन चढू लागताच जमिनीवर उतरतो, तेव्हा माणसे कापूस वेचायला शेतात पोहोचलेली असतात. जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून देशातल्या बहुतेक केंद्रांना सूट दिली, तीही मोठ्या शहरापासूनचे अंतर पाहून. म्हणजे व्हॉट्सॲपवरची समजूतच तिथेही आहे, असे म्हणावे लागते.

पऱ्हाट्यांचा धूर वाईटच, त्याची वकिली कोणी करू नये. पण तो शेवटच्या वेचणीनंतर पेरणीपर्यंतचा, बॉयलर बारमाही.

केंद्रातली राख जिथे सोडतात त्या राखेच्या तलावांबद्दल व्हॉट्सॲपवरच्या मजकुरात अवाक्षर नाही. उन्हाळ्यात तलावाचा कोरडा पडलेला भाग वाऱ्याने उडतो आणि लगतच्या गावांत खाटेवर वाळत घातलेल्या कुरडयांवर करडी पूड बसते. तिथे चिमणीच्या उंचीचा काहीच उपयोग नसतो.